पेटीतला समुद्र आणि न बोलावलेले पाहुणे

आमचा सांगोला तालुका माणदेशातला. इथं पावसाचा भरवसा नाही आणि माण नदीला पाणी असलं तर ती बातमी होते. दर्या आमच्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर लांब. अशा गावात, आमच्या बैठकीच्या खोलीत गेल्या वर्षी समुद्र येऊन बसला. तीन फूट लांब, सवा फूट रुंद आणि दीड फूट उंच!

झालं असं, की पुण्याला नोकरी करणारे आमचे चिरंजीव काही महिने घरून काम करायला म्हणून गावी आले. येताना काचेची पेटी, पंप, दिवे आणि मिठाची भली मोठी बादली घेऊनच. "आई, खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे आहेत. खडकावरचं सगळं जीवन घरात बघायला मिळेल," असं म्हणून त्यानं पेटी मांडली. चार महिन्यांनी कचेरीनं बोलावलं, तसा तो पुण्याला गेला. पेटी राहिली माझ्याकडे. मुलं लहानपणी कुत्र्याची पिल्लं आणतात आणि सांभाळते कोण, हे मैत्रिणींनो, तुम्हांला मी वेगळं सांगायला नको.

तो गेल्यावर आठवडाभरातच एका रात्री मी विजेरी घेऊन पेटीत डोकावले आणि अंगावर काटा आला. दगडाच्या फटीतून बोटभर लांब, केसाळ, गुलाबीसर किडा बाहेर येऊन वळवळत होता. काचेवर पांढरे ठिपके पळत होते. एका कोपऱ्यात तपकिरी रंगाचं, छत्रीच्या काड्यांसारखं काहीतरी फुललं होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात तर किडं पडलं! दे फेकून."

आधी ओळख, मग औषध

मी घाबरून हातात काहीतरी औषध घेणार, तेवढ्यात यांनी अडवलं. आमची डाळिंबाची बाग होती. 'होती' असंच म्हणते, कारण २०२१च्या सततच्या पावसानंतर आमच्या भागातल्या कितीतरी बागा खोडकिडीनं आणि मर रोगानं गेल्या, त्यात आमचीही गेली. तेव्हापासून यांचं एक वाक्य ठरलेलं आहे : "कीड ओळखल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही." सोलापूरजवळ २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. तिथले तज्ज्ञही शेतकऱ्याला हेच सांगतात. तेल्या रोग बहुतेक वेळा रोपाबरोबरच बागेत शिरतो, म्हणून रोप निरोगी घ्या. आणि पानावर दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो, ढालकिड्यासारखे मित्रकीटकही असतात.

पेटीचंही अगदी तसंच आहे. कीड पाण्यातून आपोआप उगवत नाही. ती कशावर तरी बसून येते : दगडावर, शेवाळाच्या दांडीवर, गोगलगाईच्या शंखावर, नाहीतर माशाच्या अंगात. आमच्याकडे ती आली दोन दगडांवरून. पुण्यातल्या एका मित्रानं आपली जुनी पेटी मोडली, तेव्हा त्यातले सिमेंटचे दोन दगड चिरंजीवांनी मागून आणले होते. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून ते 'जिवंत' झाले होते. म्हणजे त्यांच्यावर चांगलं-वाईट सगळंच वस्तीला होतं.

मग मी एक वही केली. रोज रात्री दिवे मालवल्यावर तासाभरानं विजेरीवर लाल कागद गुंडाळून बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. लाल उजेडात हे जीव फारसे बिचकत नाहीत. पंधरा दिवसांत पाहुण्यांची यादी तयार झाली. चिरंजीवांना फोनवर वर्णन सांगून आणि फोटो पाठवून एकेकाची ओळख पटवली. यादीचे तीन भाग पडले.

पहिला भाग : दिसायला वाईट, पण कामाचे

तो केसाळ किडा म्हणजे ब्रिसलवर्म. बहुतेक जाती झाडूवालीचं काम करतात. माशांनी टाकलेलं अन्न, मेलेला जीव, घाण, सगळं खाऊन टाकतात. हाताने मात्र धरू नका. त्याचे केस काचेच्या कुसळासारखे कातडीत रुततात आणि आग होते. रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढावेत. एक खूण सांगते. हे किडे फार वाढले, तर समजावं की आपण खाणं जास्त टाकतोय. खाणं निम्मं केलं की तेही कमी होतात. मी चिमूटभराऐवजी अर्धी चिमूट केली आणि महिन्याभरात फरक दिसला.

काचेवर पळणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. हे कवचधारी सूक्ष्म जीव माशांचं आवडतं खाद्य आहेत. काचेला चिकटलेल्या पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या चकल्या दिसतात, तेही निरुपद्रवी कृमींचे शंख. यांना मारायला जाल, तर पेटीची घडीच मोडेल.

नव्या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते. ते डायटम नावाचं शेवाळ. नव्या घराच्या भिंतींना जशी ओल दिसते, तसंच हे. काही आठवड्यांत बहुधा आपोआप जातं. काच पुसावी आणि धीर धरावा.

दुसरा भाग : खरे उपद्रवी

कोपऱ्यातली ती तपकिरी छत्री म्हणजे ऐप्टेशिया, समुद्रफुलाची एक जात. दिसायला गोजिरवाणी, पण हरळीहून चिवट. शेजारच्या जीवांना डंख मारते आणि भराभर पसरते. माझी पहिली चूक इथं झाली. मी जुन्या टूथब्रशनं ती खरवडून काढली. आठ-दहा दिवसांत एकाच्या जागी सात झाल्या! तिच्या तळव्याचा तुकडा दगडावर राहिला, तरी त्यातून नवी उगवते. म्हणून खरवडायचं नाही, कापायचं नाही.

उपाय आपल्या ओळखीचाच आहे : चुना. मात्र पानाच्या डबीतला नव्हे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड थोड्या पाण्यात इडलीच्या पिठाइतकी दाट कालवायची, सुई लावलेल्या सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचा आणि छत्रीच्या मधोमध, तोंडावरच हळूच सोडायची. ती आत ओढून घेते आणि मरते. अर्ध्या तासानं पंप सुरू करायचा. एका दिवशी दोन-तीनच माराव्यात. चुना जास्त झाला, तर पाण्याचा अल्कधर्म एकदम वाढतो आणि माशांना सोसत नाही. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, डोळ्यात चुना जाणं म्हणजे खेळ नव्हे. पेपरमिंट नावाची झिंगे जात ऐप्टेशिया खाते, पण प्रत्येक झिंगा खाईलच असं नाही.

काचेवर आणि दगडावर गंजाच्या रंगाचे, तिळाएवढे चपटे ठिपके सरकताना दिसले, तर ते चपटकृमी. थोडे असताना बारीक नळीनं पाण्याबरोबर ओढून काढावेत. हजारो झाल्यावर एकदम औषध टाकलं, तर मरताना ते विष सोडतात आणि मासे दगावतात. म्हणून आधी नळीनं जमतील तेवढे काढायचे, मगच औषध, आणि लगेच गाळणीत लाकडी कोळशाचा खास प्रकार, ज्याला सक्रिय कार्बन म्हणतात, तो ठेवायचा आणि थोडं पाणी बदलायचं.

रात्री पेटीतून 'टक् टक्' असा आवाज येतो आणि सकाळी गोगलगाईचा शंख फुटलेला दिसतो? मग दगडात मँटिस श्रिंप दडलेला असू शकतो. त्याचा ठोसा जबरदस्त असतो, बोट पुढं करू नका. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोळंबीचा तुकडा ठेवून सापळा लावावा, किंवा तो ज्या दगडात आहे तो दगडच उचलून वेगळ्या बादलीत ठेवावा. केसाळ अंगाचे, काळ्या नांग्यांचे खेकडेही असेच पकडून वेगळे काढावेत.

दगडावर हिरवे, काचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले, तर ते फुग्यांचं शेवाळ. फोडलं तर आतली बीजं पाण्यात पसरतात. पेटीबाहेर दगड काढून तिथंच अलगद उचकटावं. आणि वाळूवर तांबडी-जांभळी, बुळबुळीत चादर पसरते, ती शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया. पाणी जिथं साचून राहतं आणि खाणं जास्त होतं, तिथं ती धरते. नळीनं ओढून काढायची आणि तिथं पंपाचा झोत फिरवायचा.

तिसरा भाग : माशाच्या अंगावरचे

माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. हा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि आपल्याला वाटतं, बरं झालं. पण तो परोपजीवी फक्त अंगावरून उतरून वाळूत गेलेला असतो. तिथं त्याची शेकड्यांनी पिल्लं होतात आणि पुन्हा माशावर चढतात. दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट असते.

यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते वेगळ्या पेटीत. मुख्य पेटीत तांबं गेलं, तर झिंगे, गोगलगाई, समुद्रफुलं सगळी मरतात. म्हणूनच पेटीसाठी तांब्याच्या हंड्यातलं किंवा घागरीतलं पाणी कधी वापरू नका. आजारी मासे बाहेर काढल्यावर मुख्य पेटी सहा ते अकरा आठवडे माशांविना ठेवावी लागते, तेव्हा रोगाची साखळी तुटते.

जनावरांच्या बाजारात खिलार खोंड घेताना माणसं दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. मासा घेतानाही तसंच करावं. दुकानात तो खाणं खातो का, श्वास फार भराभर घेतो का, पंख मिटून कोपऱ्यात बसलाय का, हे पाहावं. घरी आणल्यावर चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या पेटीत ठेवावा. दगड आणि शेवाळही वेगळ्या बादलीत ठेवून रोज बघावं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप आपण थेट बागेत लावत नाही ना, तसंच.

ज्या दिवशी थोडक्यात निभावलं

आता जी गोष्ट सांगते, त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

ऐप्टेशिया काही केल्या आटपेनात, तेव्हा एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "चांगला उकळून काढ की तो धोंडा! ढेकणाच्या खाटंवर आपण आधण ओतायचो, तसं." मला पटलं. पितळी पातेलं चुलीवर, म्हणजे गॅसवर चढवलं, दगड बादलीत काढला. दगडावर बटणांच्या आकाराचे काही फुलोरे होते, ते मला शेवाळच वाटले. सहज म्हणून चिरंजीवांना फोन केला. तो किंचाळलाच. "आई, गॅस बंद कर! दगड उकळू नकोस!"

त्या बटणफुलोऱ्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगड उकळला, गरम पाण्यानं धुतला किंवा जोरात घासला, तर ते वाफेतून आणि तुषारांतून घरभर पसरतं. श्वास लागतो, ताप भरतो, खोकला येतो, तोंड कडू होतं. २०१८ साली इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात पेटीतलं प्रवाळ साफ करताना एका कुटुंबातल्या माणसांना आणि मदतीला धावून आलेल्या काही जणांनाही इस्पितळात न्यावं लागलं. माझ्या स्वयंपाकघरात त्या वेळी आत्याबाई होत्या आणि धाकट्या जावेचं तान्हं बाळ पाळण्यात झोपलं होतं. पातेलं उतरवताना माझे हात थरथरत होते.

म्हणून हात जोडून सांगते : पेटीतला कोणताही दगड उकळू नका, भाजू नका, खराट्यानं खसाखसा घासू नका. पेटीत हात घालताना लांब रबरी मोजे घाला, हाताला जखम असेल तर पेटीत हात घालूच नका. पेटीची भांडी, बादली, मग स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नका. आणि दगड हाताळल्यावर श्वास लागला, तर घरगुती काढा करत न बसता दवाखाना गाठा आणि काय हाताळलं ते डॉक्टरांना नीट सांगा.

पाण्याचा हिशेब

आत्याबाईंचा दुसरा प्रश्न मात्र टोचणारा होता. "माणसास्नी टँकर, आन् माशास्नी गाळीव पानी?" मी वहीत हिशेब मांडला. पेटीत दगड-वाळू वजा जाता सव्वाशे लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅम या मापानं साडेचार किलोच्या आसपास मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे, समुद्राच्या पाण्याचे सगळे क्षार असलेलं. आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा म्हणजे १२ लिटर. उन्हाळ्यात रोज दोन लिटर उडून जातं, म्हणजे आणखी १४. एकूण २६ लिटर. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या नायट्रेटनं शेवाळ माजतं, म्हणून आर. ओ.चं पाणी घ्यावं लागतं. आणि आमच्या यंत्रातून एक लिटरमागं तीन लिटर वाया जातं. म्हणजे आठवड्याला ७८ लिटर!

ते पाणी आता एका पिंपात साठवते. फरशी, संडास, अंगण, भांड्यांचा पहिला हात, सगळं त्यावर. पेटीतून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही. आत्याबाईंनी 'फुकट कशाला घालवायचं' म्हणून एकदा ते तुळशीला घातलं आणि आठवड्यात तुळस करपली. त्यांना फार लागलं ते. नवं रोप मीच लावून दिलं.

उडून जाणारं पाणी गोडंच भरायचं, कारण मीठ उडत नाही. उन्हाळ्यात पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास ठेवायला वरून छोटा पंखा लावावा, दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.

दगडी प्रवाळ घरी नको

दुकानात कुणी खरं दगडी प्रवाळ दाखवलं, तर भुलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मालवणचा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य झाला, तो अशाच जीवांसाठी. आमच्या पेटीत म्हणून सिमेंटचे दगड आणि संगोपन केंद्रात जन्मलेले दोन क्लाउन मासे आहेत. मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रानं या माशांची पैदास यशस्वी केली आहे, तेव्हा समुद्रातून ओरबाडून आणायची गरजच नाही.

आणि नको झालेला जीव ओढ्यात, तळ्यात सोडू नका. शोभेच्या पेटीतला सकर मासा आज आपल्या उजनीच्या पाण्यात पोचला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्यानं फाटतात. कुणीतरी 'बिचाऱ्याला जीवदान' म्हणूनच तो पहिल्यांदा सोडला असेल.

लक्षात ठेवा

• पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे घालू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले तपासा.
• नवीन येणारं सगळं आधी वेगळं ठेवा.
• कीड दिसली की वहीत लिहा, ओळखा, मगच उपाय. एका वेळी एकच उपाय करा.
• पेटीच्या खोलीत झुरळ-डासांचं फवारणीचं औषध मारू नका. झिंगे त्यानं हमखास मरतात. शेतात फवारणी करून आलेल्या हातांनी पेटीला शिवू नका.
• खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका.

मागच्या उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाले, तेव्हा मी चिरंजीवांना फोन करून सांगितलं, "आहे ही पेटी सांभाळीन, दुसरी मांडायची नाही." तो म्हणाला, "बरं." यांनी बागेच्या मोकळ्या रानात पुन्हा डाळिंब लावायचं ठरवलंय, रोपं मात्र या खेपेस स्वतः जाऊन, पानन् पान बघून आणणार आहेत. आत्याबाई जेवण झालं की खुर्ची ओढून पेटीसमोर बसतात. परवा मला हाक मारून म्हणाल्या, "ये गं, ती छत्री परत आलीया बघ, डाव्या अंगाला. आत्ता बारकी हाय, तवरच चुना दे."

पुढच्या उन्हाळ्यात पाणी फारच तुटलं, तर दोन्ही मासे पुण्याला पाठवायचे, हेही आम्ही ठरवून ठेवलंय. तुमच्या घरी अशी पेटी मांडायचा हट्ट कुणी धरला, तर मैत्रिणींनो, नाही म्हणू नका. पण आधी पाण्याचा हिशेब मांडायला सांगा, आणि पेटी मांडणारा गावाला गेला तर ती कोण बघणार, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.